एक गुरुवार, तीन कनेक्शनं

सूनबाई जिन्यात बसून ऑफिसची मीटिंग करत होती आणि घरातले बाकीचे हॉलमध्ये श्वास रोखून बसले होते. घरातल्या इंटरनेटने सकाळपासून दुसऱ्यांदा मान टाकली होती, आणि मोबाइलची रेंज या घरात फक्त जिन्याच्या वळणावर यायची, तीही तिला लहर आली तर. वर जायचं म्हणजे सूनबाईला ओलांडून जावं लागे. त्यामुळे पलीकडच्या साहेबांना पडद्यावर तिच्या खांद्यामागून आधी माई, मग माईंच्या हातातली धुण्याची बादली आणि मग बादलीतून लोंबणारा आप्पांचा पायजमा असा सगळा संसार दिसत असे.

"मघाशी फोन वाजला होता का?" आप्पांनी दबक्या आवाजात विचारलं.

"वाजला होता. राँग नंबर," माई म्हणाल्या.

"मग बरोबर आहे. फोन वाजला की नेट जाणारच. त्यात तारेचा काय दोष?"

आप्पांच्या लेखी तारेचा दोष कशातच नसे. आप्पा टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. नोकरीला लागले तेव्हा ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून समोरच्या बोर्डात इकडची पिन तिकडे खोचायची आणि दिवसभर "नमस्कार, थांबा, जोडून देतो" म्हणायचं. असं म्हणून म्हणून त्यांनी किती भांडणं, किती लग्नं आणि किती व्यापार जोडून दिले याचा हिशेब नव्हता. घरात आलेली फोनची तांब्याची तार त्यांनी स्वतः खांबाखाली उभं राहून ओढून घेतली होती. त्या वेळी सबंध गल्लीत तेवढा एकच फोन. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन इथेच यायचे, आणि माई खिडकीतून हाका मारमारून सगळ्यांना बोलवायच्या. त्यांचा आजचा आवाज त्या वेळी कमावलेला आहे.

पुढे इंटरनेट आलं तेही याच तारेवरून. ते दिवस आठवले की आप्पा अजूनही हळवे होत. कॉम्प्युटर हॉलमध्ये, त्याच्यावर माईंनी विणलेलं झाकण. नेट लावलं की मोडेमच्या डब्यातून आधी शिट्टी, मग किरकिर, मग कोणाचा तरी गळा दाबल्यासारखी घरघर यायची आणि त्यांचे चिरंजीव ओरडायचे, "लागलं! लागलं! कोणी फोन उचलू नका!" की हातातलं काम टाकून सगळं घर खुर्च्या ओढत गोळा. माईंच्या बहिणीला नात झाली तेव्हा बाळाचा फोटो असाच आला होता. आधी टोपरं आलं. बऱ्याच वेळाने कपाळ. मग भुवया. आता डोळे येणार तेवढ्यात माईंना राहवेना. "फोटो येतोय गं तुझ्या नातीचा" असं बहिणीला कळवायला त्यांनी आतल्या खोलीतला फोन उचलला आणि लाइन तुटली. पुन्हा टोपऱ्यापासून सुरुवात. त्या बाळाचं नाक पाहायला घराला सबंध संध्याकाळ लागली, पण ती संध्याकाळ काय मजेत गेली म्हणून सांगावं! नाक कोणाचं असेल यावर पैजा लागल्या होत्या. शेवटी ते कोणासारखंच निघालं नाही.

चिरंजीवांचं लग्नसुद्धा याच तारेवर जमलं. मुलगा कॉम्प्युटरसमोर बसून कोणाशी तरी तासन् तास टाइप करत बसतो आणि फोन कायम एंगेज लागतो, यावरून आप्पांनी काय ते ओळखलं होतं. सूनबाई घरात आली तेव्हा आप्पा सगळ्यांना सांगत सुटले, "हिला आम्ही तारेवरून आणली."

तर अशी ती तार. पण आता ती म्हातारी झाली होती. एक्स्चेंज लांब, मधले जोड जुने, आणि तिच्यावर सूनबाईचं ऑफिस, चिरंजीवांचं ऑफिस, नातीची शाळा आणि माईंचे शिवणकामाचे व्हिडिओ एकदम चढले की ती गुडघ्यात मोडायची. हे सगळ्यांना दिसत होतं. सांगणार कोण? या घरातल्या माणसांना एक मोठी वाईट खोड होती. ती एकमेकांचं मन फार सांभाळायची. माईंनी एकदा हौसेने जांभळे पडदे आणले होते. ते कोणालाच आवडले नव्हते, माईंनाही नाही. पण सगळ्यांनी तोंडभरून कौतुक करून ठेवल्यामुळे ते वर्षानुवर्षं हॉलमध्ये लटकत होते. पडद्यांची ही कथा, तर आप्पांच्या तारेला कोण हात लावणार?

अशातच एका संध्याकाळी आप्पा पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाले आणि दाराशीच थबकले. आत सूनबाई आणि चिरंजीव हळू आवाजात बोलत होते.

"ही नवी नोकरी चांगली आहे रे. पण घरचं नेट धड असेल तरच घरून काम देतात ते. मुलाखतीत तेच विचारणार आहेत."

"आणि नसेल तर?"

"तर तिकडे राहायला जावं लागेल. तुझी बदली होईल तिथे, पोरीला तिथल्या शाळेत घालू."

"आणि आप्पा-माई?"

"तेच तर," असं म्हणून सूनबाईने भांडं जरा जोरात आपटलं.

आप्पा पाणी न पिताच मागे फिरले. हॉलमध्ये येऊन बसले आणि समोर बघत राहिले. नातीची एक चप्पल दारात होती, एक टीव्हीखाली. सूनबाईचं ऑफिसचं दप्तर सोफ्यावर सांडलेलं. एरवी या पसाऱ्यावर ते रोज कुरकुरायचे. उद्या ही मंडळी गेली तर या एवढ्या घरात उरणार कोण? ते, माई आणि ते जांभळे पडदे.

दुसऱ्या दिवशी ते कोणाला न सांगता फायबरच्या दुकानात जाऊन उभे राहिले. काउंटरवरच्या मुलीने त्यांना सगळं नीट समजावलं. काचेचा केसाएवढा बारीक धागा असतो, त्यातून उजेड धावतो, पावसाने बिघडत नाही, अंतराने मंदावत नाही.

"आणि फोन वाजला तर?" आप्पांनी विचारलं.

"काही होत नाही काका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

उभा जन्म तांब्यात काढलेल्या माणसाने जड मनाने काचेवर सही केली. पण घरी सांगायचं कोणत्या तोंडाने? इतकी वर्षं तारेची वकिली केली होती. मग त्यांनी एक योजना आखली. फायबरचा डबा फोनच्या टेबलामागे लपवायचा आणि वर म्हणायचं, "बघा, मी म्हणत नव्हतो? तार आपोआप सुधारली."

इकडे चिरंजीवही स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी केबलवाल्याला गाठलं. टीव्हीची जाड केबल घरात होतीच, तिच्यातूनच नेटही येतं. संध्याकाळी सगळी गल्ली एकदम बसली की वेग वाटला जातो आणि जरा रखडतो, पण दिवसा झकास. मुख्य म्हणजे टीव्हीमागे एक डबा वाढलेला आप्पांच्या लक्षातही येणार नव्हता.

माईंनी आणखी वरची मजल मारली. त्यांना शिवणाच्या क्लासात एका बाईकडून कळलं की हल्ली बिनतारी नेट मिळतं. गच्चीवर परातीएवढी एक डिश लावायची, तिचं तोंड टॉवरकडे करायचं, की नेट हवेतून घरात. "तारच नाही, तर यांच्या तारेचा अपमान होईलच कसा?" असा माईंचा बिनतोड विचार होता. डिशवर त्या चादर वाळत घालणार होत्या. चादरीने नेट अडेल का, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

आता मुहूर्त. गुरुवारी सकाळी आप्पा जुन्या सोबत्यांना भेटायला बागेत जात, माई शिवणाच्या क्लासला, चिरंजीव ऑफिसला, नात शाळेत. म्हणजे घरात कोणी नाही. आप्पांनी गुरुवार सांगितला. चिरंजीवांनी गुरुवार सांगितला. माईंनीही गुरुवारच सांगितला. आणि सूनबाईने? घर रिकामं असतं, नेटवर कोणी नसतं, तार जरा बरी चालते, म्हणून तिने आपली मुलाखत गुरुवारी सकाळीच मागून घेतली होती. घरच्यांना उगाच काळजी नको, म्हणून "मुलाखत अजून ठरायची आहे" असं तिने सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी सगळे अगदी हसतमुखाने घराबाहेर पडले. "माझं डोकं दुखतंय, मी वर पडते जरा," म्हणून सूनबाईने खोलीचं दार लावून घेतलं.

थोड्याच वेळात आप्पा मागच्या दाराने परत आले. बरोबर फायबरवाला.

"वर सून झोपली आहे. आवाज न करता भोक पाडा."

"काका, हे ड्रिल आहे."

"मग हळू चालवा."

फायबरवाला हळू ड्रिल कसं चालवायचं याचा विचार करत असताना पुढच्या दाराचं कुलूप उघडलं आणि चिरंजीव आत आले. बरोबर केबलवाला.

"तुम्ही बागेत गेला होतात ना आप्पा?"

"चष्मा विसरलो होतो." चष्मा नाकावर होता. "आणि तू ऑफिसला गेला होतास ना?"

"फाइल विसरली."

"हे कोण?"

"हे... टीव्हीचं बघायला आलेत. आणि हे?"

"नळाचं," आप्पा म्हणाले. फायबरवाल्याच्या पाठीवर हातभर अक्षरात त्याच्या कंपनीचं नाव होतं. चिरंजीवांनी ते वाचलं, आणि बापाचं मन मोडू नये म्हणून न वाचल्यासारखं केलं.

तेवढ्यात गच्चीवर धाडकन काहीतरी पडलं. पाठोपाठ एक आवाज आला, "मावशी, टॉवर सापडला! ड्रिलची वायर कुठे खोचू?" आणि जिन्याच्या वळणावर माई प्रकट झाल्या. शिवणाची पिशवी काखेतच होती. त्या कधीच येऊन वर गेल्या होत्या.

"अगं, तू क्लासला..."

"सुई विसरले," माई म्हणाल्या.

दुसऱ्या कोणत्याही शहाण्या माणसांनी इथे थांबून एकमेकांना खरं सांगितलं असतं आणि दोघा जणांना परत पाठवलं असतं. पण मग मन सांभाळणार कोण? "आलेच आहेत बिचारे, तर करू देत त्यांचं काम," असं आप्पा केबलवाल्याबद्दल म्हणाले. "तुमच्या नळवाल्यालाही करू दे," असं चिरंजीव म्हणाले. माईंनी हॉलमधल्या बोर्डातून गच्चीवरच्या माणसाला लांब वायर ओढून दिली आणि त्याच बोर्डात बाकीच्या दोघांना जागा करून दिली.

मन सांभाळायची सवय नव्हती ती फक्त त्या तिघा कारागिरांना.

"केबल लावताय? संध्याकाळी बघा कशी रांगते," फायबरवाला म्हणाला.

"तुमची काच उंदराने कुरतडली की या मग सांगायला," केबलवाला म्हणाला.

"तारा कसल्या ओढताय दोघं?" वरून बिनतारीवाला ओरडला. त्याच्या हातात त्या वेळी हातभर वायरचं भेंडोळं होतं.

"तुझ्या डिशसमोर झाड वाढलं की तू संपलास!" खालून दोघं एकदम म्हणाले. आणि वाद आता कामानेच मिटवायचा, अशा ईर्षेने तिघांनी तीन ड्रिल एकाच वेळी चालू केली.

घर थरथरलं, जांभळे पडदे हलले, मीटरजवळ फट्‌ असा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. पंखा, फ्रिज, ड्रिल आणि फोनच्या टेबलावरचा नेटचा जुना डबासुद्धा.

वरच्या खोलीचं दार उघडलं. सूनबाई बाहेर आली. डोकं दुखणाऱ्या माणसाने एवढी चापूनचोपून साडी नेसलेली कोणी पाहिली नव्हती. तिने हॉलमधली दोन भोकं बघितली, दोन कारागीर बघितले, गच्चीवरून उतरलेला तिसरा बघितला, चिरंजीव, माई आणि आप्पा बघितले, आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "माझी मुलाखत चालू होती."

"आज?" तिघांच्या तोंडून एकदम निघालं.

"घरात कोणी नसतं म्हणून गुरुवार घेतला मी!"

आप्पा फ्यूज बघायला धावले, पण घाईत फ्यूजची तार खाचेत बसेना. आपण हे सगळं ही माणसं घरात राहावीत म्हणून केलं आणि आपणच त्यांना घराबाहेर काढलं, हे एकच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. चिरंजीव मोबाइल घेऊन जिन्याच्या वळणावर हात उंच करून उभे राहिले. आज रेंजला लहर नव्हती. तिघे कारागीर भांडण विसरून "ताई, माझं आत्ता लावतो, पाच मिनिटांत लावतो" म्हणत होते, पण वीजच नव्हती तर लावणार काय?

आणि फोन वाजला.

सगळे दचकले. घरात वीज नसताना फोन वाजतो, हे आप्पा सोडून सगळे विसरले होते. त्याची वीज तारेतूनच येते, थेट एक्स्चेंजमधून. पण फोन वाजतोय म्हणजे आपल्याला उचलायचाय, एवढंच त्या क्षणी आप्पांना कळलं. त्यांनी रिसीव्हर उचलला, पलीकडून एका बाईंनी सूनबाईची चौकशी केली, आणि इतक्या वर्षांत न निघालेला आवाज त्यांच्या गळ्यातून आपसूक निघाला.

"नमस्कार. थांबा, जोडून देतो."

मग सूनबाईच्या हातात रिसीव्हर देत ते कुजबुजले, "तुझ्याच मुलाखतीवाल्या बाई आहेत. अर्जात हा नंबर दिला होतास ना?"

मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज खणखणीत होता. सगळ्या हॉलला ऐकू येत होता. "तुम्ही मधेच गायब झालात. असंच होणार असेल तर घरून काम कसं जमायचं? घरी नेटची सोय काय आहे तुमच्याकडे?"

सूनबाईने समोर बघितलं. फायबरवाल्याने हात वर केला. केबलवाल्याने केला. जिन्यातून बिनतारीवाल्यानेही केला.

"फायबर आहे," सूनबाई म्हणाली. "केबल आहे. आणि वायरलेस पण आहे."

पलीकडून प्रश्न आला, "तिन्ही?"

"हो. आजच बसवतोय. त्याच गडबडीत वीज गेली. पण आत्ता बोलतेय ती तांब्याची लाइन. ती वीज गेली तरी चालते."

"अहो," त्या बाई म्हणाल्या, "आमच्या ऑफिसातसुद्धा एवढी तयारी नाही."

नोकरी मिळाली. घरूनच काम, कुठे जायला नको. बातमी आली त्या दिवशी आप्पांनी नातीला कडेवर घ्यायचा प्रयत्न केला. ती त्यांच्या खांद्याला लागत होती, तरी केला. तिन्ही कनेक्शनं अर्थातच राहिली. "माझं काढून टाकू," असं प्रत्येक जण म्हणाला आणि "छे छे, तुमचं कशाला?" असं बाकीचे म्हणाले. आता लपवायचं काही उरलं नसल्याने जिन्याखालच्या कोपऱ्यात तीन डबे हिरवे दिवे मिचकावत शेजारी शेजारी बसले, आणि तारेवर आता नुसता फोन राहिला.

नेट असं सुसाट चालू लागलं की काय विचारता. सूनबाई वरच्या खोलीत, चिरंजीव आपल्या खोलीत, नात गच्चीलगतच्या खोलीत, माई स्वयंपाकघरात मोबाइलवर बाही कशी जोडायची ते बघत. कोणाचं कोणावाचून अडत नव्हतं. "लागलं का?" म्हणून कोणी ओरडत नव्हतं, "बंद कर रे, मला हवंय" म्हणून भांडत नव्हतं, जिन्यात कोणी कोणाला ओलांडत नव्हतं. संध्याकाळी आप्पा हॉलमध्ये एकटे बसायचे. जी माणसं जाऊ नयेत म्हणून एवढा खटाटोप केला, ती सगळी घरातच होती आणि आप्पांना त्यांची आठवण येत होती.

शेवटी एका संध्याकाळी ते उठले, इकडेतिकडे बघून जिन्याखाली शिरले आणि फायबरच्या डब्याचा प्लग त्यांनी उपटला. आपला तो आपलाच, असं मनाला समजावलं. मग धीर करून ते बाकीच्या दोन डब्यांकडे वळले, तर त्यांचे दिवे नव्हतेच. केबलचा प्लग आधीच काढलेला होता. बिनतारीचाही.

आप्पा हॉलमध्ये येऊन बसतात न बसतात तोच चिरंजीव आले. "नेट गेलंय वाटतं," ते पंख्याकडे बघत म्हणाले.

"हो का? अरेरे," माई आतून येत म्हणाल्या. त्या अरेरेत दुःख औषधालाही नव्हतं.

नात धडाधडा जिना उतरून आली. पाठोपाठ सूनबाई. "तिन्ही एकदम कशी गेली? थांबा, मी तक्रार नोंदवते," म्हणून तिने फोनकडे हात नेला.

"नको!" आप्पा, माई आणि चिरंजीव एकदम ओरडले.

मग तिघांनी एकमेकांकडे बघितलं. माईंना आधी हसू फुटलं. सूनबाईने कोपऱ्यातल्या डब्यांकडे मान वळवून पाहिलं आणि सोफ्यावरचं आपलं दप्तर उचलून बसायला जागा केली. नातीने विचारलं, "नेट नसताना तुम्ही करायचात काय?" त्यावर चौघंही एकाच वेळी बोलायला लागले, आणि टोपऱ्याची गोष्ट चौघांनी चार प्रकारे सांगितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा पुन्हा हळूच जिन्याखाली शिरले. तिन्ही डबे आधीच बंद होते. हॉलमध्ये येऊन बघतात तो माई आणि चिरंजीव अजून आतच होते, आणि सूनबाई एकटी सोफ्यावर पत्ते पिसत बसली होती.